घरचे फलाफल: फूड प्रोसेसर कुठे चालवावा, कुठे थांबवावा

भिजवलेले कच्चे कडधान्य पाण्याशिवाय भरड वाटावे, त्यात कांदा, लसूण, हिरवा पाला आणि मसाले मिसळावेत आणि छोटे वडे करून तळावेत, की फलाफल झाले. इजिप्त, लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन आणि इस्रायल या देशांत ते रस्त्यावरचे रोजचे खाणे आहे. महाराष्ट्रात ते आधी शहरांतल्या कॅफेंमधून आणि आखाती देशांत नोकरी केलेल्यांच्या घरांतून ओळखीचे झाले. आता अनेक जण ते घरी करून पाहतात आणि तिथे त्याच त्या दोन तक्रारी येतात: वडे तेलात हसतात, आणि हसले नाहीत तर आतून गच्च, वातड होतात. दोष तेलाला किंवा आचेला दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा भिजवण्यात आणि वाटण्यात असते, म्हणून या लेखातही त्या दोन पायऱ्यांना सर्वांत जास्त जागा दिली आहे.

कोणते कडधान्य घ्यावे

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या देशांत फलाफल मुख्यतः काबुली चण्यांचे करतात. इजिप्तमध्ये ते बाकल्याच्या, म्हणजे फावा बीन्सच्या, सोललेल्या सुक्या दाण्यांचे असते. तिथे त्याला तामिया म्हणतात, ते सकाळच्या न्याहारीला खातात आणि त्यात पाला इतका असतो की वडा आतून हिरवागार दिसतो. घरी पहिल्यांदा करताना काबुली चणेच घ्यावेत. ते सगळीकडे मिळतात आणि त्यांचे वाटण आटोक्यात राहते.

इतर पर्यायांविषयी वारंवार विचारले जाते, त्यांची उत्तरे अशी:

- उकडलेले किंवा डब्यातले चणे: चालत नाहीत. कच्च्या चण्यातला स्टार्च तेलाच्या उष्णतेने वड्यातच फुलतो, चिकट होतो आणि वडा बांधून धरतो. उकडलेल्या चण्यात हे काम कुकरमध्येच उरकलेले असते, शिवाय दाणा पाण्याने भरलेला असतो. असे वाटण तेलात विरघळते. ते सावरण्यासाठी मैदा किंवा ब्रेडचा चुरा घातला, तर जे तयार होते ते छोल्यांचे कटलेट.
- देशी हरभरा: चालतो. साल जाड असल्याने वाटायला वेळ लागतो, रंग गडद येतो, चव चांगली लागते.
- हरभऱ्याची डाळ: तीन-चार तासांत भिजते, वडे खुसखुशीत होतात, पण चव डाळवड्याकडे झुकते. घाईच्या दिवशी निम्मे चणे आणि निम्मी डाळ हा मार्ग वाईट नाही.
- बेसन: एकट्या बेसनाचे फलाफल होत नाहीत, भजी होतात. वाटण आवळण्यासाठी चमचाभर बेसन वापरता येते, एवढेच.
- राजमा आणि डबल बी: या पद्धतीने कधीही वापरू नयेत. कच्च्या राजम्यातला लेक्टिन हा घटक पोट बिघडवतो आणि तो निकामी होण्यासाठी राजमा पाण्यात चांगला उकळावा लागतो. तीन-चार मिनिटांच्या तळणीत तो जात नाही.

चणे किती आणि कसे भिजवावेत

चौघांच्या खाण्यासाठी २५० ग्रॅम सुके चणे पुरतात. निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, किमान एक लिटर पाण्यात १२ ते १८ तास भिजवावेत. चणे फुगून वजनाने जवळपास दुप्पट होतात, म्हणून भांडे मोठे घ्यावे. अर्धवट भिजलेला दाणा प्रोसेसरमध्ये नीट कापला जात नाही, त्याचे कडक कण वाटणात राहतात आणि तळल्यावर दाताखाली येतात. भिजल्याची खूण सोपी आहे: दाणा नखाने दुभंगावा आणि मध्यभागी पांढरट, टणक ठिपका राहिला आहे का ते पाहावे. ठिपका असेल तर आणखी चार तास द्यावेत. चोवीस तासांनंतरही दाणा कडक राहिला तर माल जुना आहे. असे चणे रश्शासाठी कुकरला लावावेत.

एप्रिल-मे महिन्यांत ओट्यावर रात्रभर ठेवलेल्या चण्यांना फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. अशा दिवसांत पहिले तीन-चार तास बाहेर आणि नंतर फ्रिजमध्ये भिजवावेत. मधे एकदा पाणी बदलावे. बोअरच्या जड पाण्यात चणे उशिरा मऊ होतात, तिथे पाव चमचा खाण्याचा सोडा भिजवणीच्या पाण्यात घालता येतो. मात्र नंतर चणे दोनदा स्वच्छ धुवावेत, नाहीतर सोड्याची चव मागे राहते. वेळ वाचवण्यासाठी उकळत्या पाण्यात भिजवण्याचा मोह टाळावा, कारण त्यात दाणा बाहेरून शिजायला लागतो.

पुढची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच पीठ बिघडते. भिजलेले चणे रोळीत निथळून, स्वच्छ पंचावर पसरून, वरून दुसऱ्या कापडाने टिपून अर्धा तास वाळू द्यावेत. दाणा हाताला ओला लागता कामा नये. सालीवर राहिलेले पाणी प्रोसेसरमध्ये वाटणात उतरते, वाटण सैल होते, सैल वाटणात पीठ घालावे लागते, आणि पीठ घातले की वडा जड होतो. साले काढण्याची मात्र काही गरज नाही.

फूड प्रोसेसर की मिक्सर

फूड प्रोसेसरचे भांडे रुंद असते आणि पाते लांब, इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचे. ते जिन्नस उडवत, फिरवत कापते आणि त्यासाठी पाणी लागत नाही. मिक्सरच्या जारमध्ये पाती आखूड आणि बुडाशी असतात. कोरडे चणे वरच अडकून राहतात, खालच्यांचा लगदा होतो, मग वरचे खाली यावेत म्हणून पाणी घातले जाते. फलाफलसाठी ते पाणी मारक ठरते. हवा असतो तो डाळवड्यासाठी वाटतात तसा भरडपणा, आणि तो प्रोसेसर सहज देतो.

अनेक भारतीय मिक्सरांबरोबर फूड प्रोसेसरचे मोठे भांडे जोड म्हणून मिळते आणि वर्षानुवर्षे माळ्यावर पडून असते. ते काढावे, फलाफलला ते पुरेसे आहे. त्यात कापणारे धातूचे पातेच बसवावे. कणीक मळण्याचे प्लास्टिकचे पाते किंवा चकत्या करण्याची तबकडी इथे उपयोगाची नाही.

प्रोसेसर नसेल तर:

- मिक्सरच्या रुंद जारमध्ये, जारचा एक तृतीयांश भागच भरून, पल्सवर क्षणभर फिरवावे, थांबावे, जार हलवावा, पुन्हा फिरवावे. अडीचशे ग्रॅमचे चार भाग होतील, वेळ लागेल, पण पाणी घालावे लागणार नाही.
- हाताने फिरवायचा, खिमा करण्याचा मिन्सर असेल, तर तो उत्तम. मध्यम जाळी लावून चणे दोनदा काढावेत.
- पाटा-वरवंटा असेल आणि दंडात ताकद असेल, तर त्याच्यावरचे वाटण कोणत्याही यंत्राला हार जात नाही.

साहित्य आणि प्रमाण

सुके काबुली चणे २५० ग्रॅम, मध्यम कांदा १ (सुमारे १०० ग्रॅम), लसूण ५-६ पाकळ्या, हिरव्या मिरच्या १-२, निवडलेला हिरवा पाला दोन वाट्या, धने २ चमचे, जिरे २ चमचे, मिरपूड अर्धा चमचा, मीठ दीड चमचा, पांढरे तीळ २ मोठे चमचे आणि खाण्याचा सोडा पाव ते अर्धा चमचा. तळणीसाठी शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे रिफाइंड तेल. एवढ्यात सुमारे ३० ग्रॅमचे २० ते २२ वडे होतात.

पाल्यात मूळ पद्धतीप्रमाणे पार्सली आणि कोथिंबीर असते. पार्सली मोठ्या शहरांबाहेर सहजी मिळत नाही आणि तिच्यासाठी अडून बसण्याचे कारणही नाही. दीड वाटी कोथिंबीर, दोन-तीन डहाळ्या पुदिना आणि मूठभर शेपू असे मिश्रण करावे. शेपूचे नाव ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की इजिप्तच्या तामियात शेपू हक्काने असतो. निम्म्या कांद्याऐवजी कांद्याची पात घातली तर चव त्या वळणावर आणखी जाते. धने-जिरे कोरडे भाजून खलबत्त्यात जाडसर कुटावेत. तयार गरम मसाला घालू नये, कारण लवंग-दालचिनीचा वास पाल्याचा ताजेपणा झाकून टाकतो.

प्रोसेसरमध्ये वाटण्याची रीत

१. आधी भांडे, पाते आणि झाकण कोरडे पुसून बसवावे. झाकण नीट अडकले नाही तर सुरक्षा-कळीमुळे यंत्र सुरूच होत नाही. यंत्र बिघडले असे समजण्यापूर्वी झाकण पाहावे.

२. कांदा, लसूण, मिरच्या आणि पाला हे आधी वेगळे फिरवून बारीक करावे. हे चण्यांबरोबर घातले तर कांद्याचे मोठे तुकडे राहतात आणि त्या तुकड्यांपाशी वडा फुटतो. कांदा रसाळ असेल तर हे वाटण पंचात धरून हलके पिळावे. पिळलेला रस आमटीत जाईल.

३. हे वाटण काढून ठेवावे आणि भांड्यात चणे घालावेत, पण निम्म्याहून जास्त भांडे भरू नये. घरगुती भांड्याला २५० ग्रॅमचे दोन हप्ते लागतात.

४. यंत्र सलग चालवू नये. पल्सचे बटण एक-दोन सेकंद दाबावे, सोडावे. पाच-सहा वेळा झाले की यंत्र बंद करून कडांना चिकटलेले रबरी उलथण्याने खाली ओढावे. हे चक्र तीन-चारदा होईल.

५. चण्यांचा आकार जाड रव्याएवढा झाला की कांद्या-पाल्याचे वाटण आणि मसाले घालावेत आणि दोन-तीन पल्समध्ये एकजीव करावे.

कुठे थांबायचे हे घड्याळ सांगत नाही. चिमूटभर वाटण मुठीत दाबावे. गोळा झाला आणि बोटाने टोकल्यावर मोडला, तर वाटण बरोबर आहे. मुठीत धरून राहतच नसेल तर आणखी तीन-चार पल्स द्यावेत. बोटांना चिकटून ओढले जात असेल तर ते जास्त वाटले गेले आहे. हुमुस करण्यासाठी असे वाटण हवे असते, फलाफलला नको. जास्त वाटलेल्या पिठातून वाफ बाहेर पडायला वाट राहत नाही, त्यामुळे वडा बाहेरून लाल आणि आतून गिच्च राहतो. चूक करायचीच असेल तर कमी वाटण्याच्या बाजूला करावी, कारण कमी वाटलेले पुन्हा फिरवता येते आणि जास्त वाटलेले परत आणता येत नाही. फार बारीक झालेच तर हाताशी असावेत म्हणून मूठभर भिजलेले चणे आधीच राखून ठेवावेत. ते जाडसर फिरवून त्यात मिसळावेत.

भांड्यातून वाटण काढताना आधी प्लग काढावा, मग पाते उचलावे. या पात्याची धार मिक्सरच्या पात्यापेक्षा खूप तीक्ष्ण असते आणि बहुतेक कापाकापी वाटताना नव्हे, विसळताना होते. ते साबणाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवू नये.

मुरवणे आणि आकार देणे

वाटण झाकून एक ते दोन तास फ्रिजमध्ये ठेवावे. या वेळात चण्याचे कण कांद्या-पाल्याचा ओलावा शोषतात आणि वाटण आवळून येते. मीठ आणि सोडा या टप्प्यावर घालू नये. मिठाने कांद्याला पाणी सुटते, तर सोड्याचा जोर तळणीपर्यंत टिकत नाही. दोन्ही तळायच्या आधी दहा मिनिटे तिळांबरोबर मिसळावेत.

अरब देशांत वडे पाडण्यासाठी खटक्याचा छोटा साचा वापरतात. घरी ओला हात किंवा दोन चमचे पुरतात. वडा लिंबाएवढ्या गोळ्याचा, थोडा चपटा करावा. तीन सेंटिमीटरपेक्षा जाड झाला तर आतला चणा कच्चा राहतो. गोळा हलक्या हाताने, फक्त धरून राहील इतकाच दाबावा. बेसनलाडवासारखा घट्ट वळलेला फलाफल कधीच हलका होत नाही. वरून तीळ लावायचे असल्यास आताच चिकटवावेत.

तळणे

कढईत पाच-सहा सेंटिमीटर खोल तेल १७५ ते १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. तापमापी नसेल तर वाटणाचा वाटाण्याएवढा कण सोडावा. तो बुडून दोन-तीन सेकंदांत बुडबुडे काढत वर यावा. तळाशीच बसला तर तेल गार आहे, टाकताक्षणी लाल झाला तर जास्त तापले आहे.

सगळे वडे वळण्यापूर्वी एकच वडा तळून, मोडून, चाखून पाहावा. मीठ, तिखट आणि बांधणी या तिन्ही गोष्टी तेव्हाच सुधारता येतात. मग एका घाण्याला पाच-सहा वडे सोडावेत. पहिला मिनिटभर झारा लावू नये, कारण वरचे कवच धरण्याआधी हलवलेला वडा फुटतो. एकूण तीन ते चार मिनिटांत दोन्ही बाजू गडद बदामी होतात. सोनेरी रंगावर काढण्याची आपली सवय इथे थोडी आवरावी, फलाफल त्याहून एक छटा पुढे न्यावा लागतो. काढल्यावर कागदावर एकमेकांवर न रचता चाळणीवर किंवा जाळीवर ठेवावेत, म्हणजे खालून मऊ पडत नाहीत.

फलाफलचे कण तेलात झडतात आणि जळतात, म्हणून प्रत्येक घाण्यानंतर बारीक जाळीने तेल साफ करावे. तळून उरलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळणीला चढवू नये. वारंवार तापवलेल्या तेलात हानिकारक संयुगे वाढतात. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे आणि त्यापलीकडे गेलेले तेल स्वयंपाकाला चालत नाही. घरी ते मोजता येत नाही, पण काळपट रंग, दाटपणा, न विरणारा फेस आणि खवट वास या खुणा पुरेशा आहेत. तेलाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवावे.

बिघडले तर काय करावे

- वडा तेलात हसला: वाटण फार भरड किंवा फार ओले आहे. उरलेले वाटण चार-पाच पल्स फिरवावे आणि अर्धा तास गार करावे. तरीही फुटत असेल तर दोन मोठे चमचे बेसन मिसळावे. सुरुवातीपासूनच बेसन घालण्याची सवय लावून घेऊ नये.
- बाहेरून काळा, आतून कच्चा: तेल फार तापले आहे किंवा वडा जाड आहे.
- तेल पिऊन जड झाला: तेल गार होते, किंवा एका घाण्यात फार वडे सोडले. सोडा जास्त झाला तरी वडा तेल पितो.
- आतून पिठूळ, कोरडा: पाला कमी पडला किंवा पीठ जास्त झाले.
- साबणासारखी चव: सोडा जास्त झाला. यावर उपाय नाही, पुढच्या वेळी निम्मा घालावा.

न तळता

आप्पेपात्र हा यातला सर्वांत चांगला पर्याय आहे. प्रत्येक खळग्यात अर्धा चमचा तेल घालून मध्यम आचेवर झाकण ठेवून चार मिनिटे, मग उलटून झाकणाशिवाय तीन-चार मिनिटे ठेवावेत. कवच जवळपास तळणीसारखे येते. एअर फ्रायरमध्ये वडे चपटे करून, दोन्ही बाजूंनी तेलाचा हात फिरवून १९० अंशांवर १५ मिनिटे ठेवावेत आणि मधे एकदा उलटावेत. ओव्हनला २० ते २५ मिनिटे लागतात. या दोन्हींत वडा कोरडा पडतो, म्हणून पाला थोडा वाढवावा आणि सोबत चटणी सढळ घ्यावी. तेल न लावता भाजलेला फलाफल भुशासारखा लागतो, त्या वाटेला जाऊ नये.

ताहिनी आणि सोबतीचे

ताहिनीसाठी, म्हणजे तिळाच्या वाटणासाठी, मात्र फूड प्रोसेसर बाजूला ठेवून मिक्सरचा छोटा चटणी जार घ्यावा, कारण इथे गुळगुळीत वाटण हवे असते. एक वाटी पांढरे, सोललेले तीळ मंद आचेवर रंग न बदलता भाजावेत, गार करावेत आणि दोन-तीन चमचे तेल घालून थांबत थांबत वाटावेत. तीळ लाल झाले तर ताहिनी कडू होते. चटणी करण्यासाठी अर्धी वाटी ताहिनीत तीन मोठे चमचे लिंबाचा रस, ठेचलेली लसणाची पाकळी आणि मीठ घालावे. मिश्रण एकदम घट्ट होऊन फुटल्यासारखे दिसते. घाबरून टाकून देऊ नये. चमचा-चमचा गार पाणी घालत ढवळले की ते पुन्हा पांढरट, सरसरीत होते.

सोबत काकडी, टोमॅटो, पानकोबी, बिटाच्या पाण्यात गुलाबी केलेले सलगमाचे लोणचे आणि पिटा ब्रेड असतो. इस्रायलमध्ये अंबा नावाची मेथी-हळद घातलेली कैरीची आंबट चटणीही घालतात. ती इराकी ज्यूंनी तिथे नेली आणि त्यांच्याकडे ती मुंबई-बगदाद व्यापारातून आली असे मानले जाते. मेथीचा वास असलेले कैरीचे लोणचे मिक्सरमधून काढले तर तिच्या बरेच जवळ जाते. लादीपावात फलाफल घालायला हरकत काहीच नाही, फक्त ताहिनीने पाव लगेच भिजतो, तेव्हा पाव आधी तव्यावर कुरकुरीत करावा.

आधी करून ठेवायचे असल्यास

मीठ-सोडा न घातलेले वाटण फ्रिजमध्ये एक दिवस चांगले राहते, नंतर कांदा उग्र होतो. जास्त दिवसांसाठी मीठ-सोडा घालून वळलेले कच्चे वडे ताटात सुटे सुटे गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत. दोन महिने टिकतात. तळताना वितळवू नयेत. गोठलेलेच, जरा कमी तापलेल्या तेलात सोडावेत आणि मिनिटभर जास्त ठेवावेत.

कोणी जपून खावे

काबुली चण्यांचा फलाफल बहुतेकांना चालतो. बाकल्याच्या तामियाची गोष्ट वेगळी आहे. ज्यांच्या शरीरात जी६पीडी या एन्झाइमची कमतरता आहे, त्यांच्या तांबड्या रक्तपेशी बाकला खाल्ल्याने फुटू शकतात. थकवा, कावीळ, गडद लघवी ही त्याची लक्षणे आहेत. ही कमतरता आनुवंशिक असून पुरुषांत जास्त दिसते. घरात कोणाला ती असल्याचे निदान झाले असेल तर बाकला घरात आणू नये, आणि बाहेर फलाफल खाताना तो कशाचा आहे हे विचारून घ्यावे.

तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी तीळ आणि ताहिनी दोन्ही टाळावे. पाकिटातले फलाफल मिश्रण घेताना घटकांची पूर्ण यादी वाचावी. पाकिटावर ठळक लिहायच्या ॲलर्जीकारक पदार्थांच्या २०२० च्या भारतीय नियमांतील यादीत ग्लुटेन असलेली धान्ये, दूध, शेंगदाणे, सोयाबीन आहेत, तीळ नाहीत. गहू न चालणाऱ्यांनीही यादी पाहावी, कारण अनेक मिश्रणांत मैदा असतो. घरच्या, फक्त बेसनाने आवळलेल्या फलाफलात तो प्रश्न येत नाही. हौसेचे फलाफल पुढे शेजाऱ्यांना किंवा ऑर्डरवर विकायचे ठरले, तर घरगुती प्रमाणावरही अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे आधी नोंदणी करावी लागते.

यंत्र घ्यायचे असेल तर

घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात: पल्सची सोय आहे का, आणि भांडे-पाते-झाकण सुटे विकत मिळते का. मोटरपेक्षा आधी झाकणाचा खटका तुटतो. मोटरची हमी आणि भांड्या-पात्याची हमी बहुधा वेगवेगळी असते आणि खानावळीसाठी किंवा विक्रीसाठी वापर केल्यास घरगुती यंत्राची हमी सहसा लागू राहत नाही, हे हमीपत्रात वाचून घ्यावे. सलग किती मिनिटे चालवायचे तेही माहितीपुस्तिकेत दिलेले असते. वाटताना यंत्र अचानक बंद पडले तर भार कमी करावा, पंधरा-वीस मिनिटे थंड होऊ द्यावे आणि बहुतेक यंत्रांच्या बुडाशी असलेले लाल बटण दाबून पाहावे. ते जास्त भार पडल्यावर मोटर वाचवण्यासाठीच असते.

हमीच्या काळात दुरुस्ती टाळली जात असेल तर तक्रार लेखी द्यावी, तिचा क्रमांक घ्यावा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तेवढ्याने भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क नाही. बिल आणि हमीपत्र मात्र जपलेले हवे.

केवळ फलाफलसाठी नवा फूड प्रोसेसर विकत घेऊ नये. मिक्सरबरोबर आलेले भांडे आणि पल्सचे बटण एवढे या कामाला पुरते.